फळं कच्ची चालतात, मग मासा का नाही?

सध्या रील्सवर एक प्रकार वारंवार दिसतो. सकाळी पपई आणि कलिंगडाचं ताट, दुपारी आंबा नाहीतर केळी, आणि संध्याकाळी लाकडी पाटावर मांडलेल्या कच्च्या माशाच्या पातळ चकत्या. गॅस नाही, तेल नाही, फोडणी नाही. 'महिन्याभरात पोट हलकं झालं, त्वचा उजळली, वजन उतरलं' असं सांगणारा चेहराही तजेलदार. बघणाऱ्याला वाटतं, फळं आपल्याकडे ढिगाने मिळतात, मासळीबाजार पंधरा मिनिटांवर आहे, मग आपण का करू नये?

करता येईल, पण त्यातल्या फळांची गोष्ट वेगळी आणि माशांची वेगळी. फळ धुतलं, कापलं, खाल्लं, संपलं. कच्चा मासा बिनघोर खायचा तर बोटीपासून ताटापर्यंत थंडीची एक अख्खी यंत्रणा लागते. आपला मासळीबाजार त्या हिशेबाने चालतच नाही. तो कालवणाच्या हिशेबाने चालतो.

## कच्चा आहार म्हणतात कशाला?

अन्न साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवायचं नाही, एवढाच मूळ नियम. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या गुरूप्रमाणे बदलतो. यातले बहुतेक जण फळं, भाज्या, मोड आलेली कडधान्यं आणि सुकामेवा यांवर राहतात. काही जण प्रथिनांसाठी आणि बी-१२ जीवनसत्त्वासाठी त्यात कच्चे मासे घेतात. इथे आपण या दुसऱ्या गटाबद्दल बोलतोय.

कल्पना नवी नाही. झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना कच्ची फळं, दाणे आणि भिजवलेले ओट्स देत होते. आज डब्यातून मिळणारी म्युसली तिथून आली. आपल्याकडे गांधीजींनी १९२९ साली काही सोबत्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू आणि हरभरे, बदाम, नारळ, मनुका, लिंबू, मध असा तो आहार होता. 'यंग इंडिया'तून त्यांनी त्याबद्दल लिहिलंही. काही आठवड्यांत आमांशाने गाठलं आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला.

आणि खरं तर मराठी स्वयंपाकघराला कच्चं खाणं परकं कधीच नव्हतं. काकडीची खमंग कोशिंबीर, दडपे पोहे, शिकरण, कांदा-टोमॅटो घातलेली मोडाची मटकी, मीठ-तिखट लावलेली कैरी. आपण फक्त त्याला आहारपद्धती म्हटलं नाही.

## फळांवर भागतं का?

मध्यम आकाराच्या एका केळ्यातून साधारण १०० कॅलरी मिळतात. दिवसाला २,००० कॅलरी लागत असतील तर नुसत्या केळ्यांवर वीस केळी खावी लागतील. कलिंगड आणि पपई तर पाण्यानेच भरलेली, त्यांत याहून कमी. म्हणून या आहारावर वजन उतरतं. त्यात कसली जादू नाही, पोट भरतं पण ऊर्जा कमी पडते.

काही दिवस हे बरं वाटतं. पुढे काय होतं याची बरी पाहणी जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाने केली आणि १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ कच्च्या आहारावर असलेल्या पाचशेहून अधिक लोकांकडे त्यांनी पाहिलं. पुरुषांचं वजन सरासरी १० किलोच्या आसपास घटलं होतं, बायकांचं १२ किलो. पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबलीच होती. शरीर उपाशी आहे हे पाळी फार लवकर सांगते. ती थांबणं म्हणजे 'शुद्धी होतेय' असं जेव्हा या मंडळींच्या गटांमध्ये समजावलं जातं, तेव्हा मला राग येतो. पाळी चुकायला लागली की आहार थांबवायचा आणि डॉक्टरकडे जायचं, त्यात दुसरा पर्याय नाही.

मधुमेह असेल तर फळं कोणती, किती आणि कधी हे आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवावं. आंबा, चिकू, केळं, सीताफळ ताटभर खाऊन रक्तातली साखर वर जाणार नाही अशी आशा करू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर केळी आणि शहाळ्याचं पाणी यांतल्या पोटॅशियमची धास्ती बाळगावी. त्यांच्यासाठी कमरख (स्टारफ्रूट) हे फळ उघडउघड विषारी ठरू शकतं. दिवसभर आंबट फळं चघळणाऱ्यांच्या दातांवरचं कवच झिजतं, हेही गीसनच्याच संशोधकांनी नोंदवलंय.

एवढं सांभाळलं तर निरोगी माणसाने रोजच्या जेवणात फळं आणि कच्च्या भाज्या वाढवण्यात तोटा काही नाही. रस काढून प्यायचा नाही, आख्खं फळ चावून खायचं, म्हणजे चोथाही पोटात जातो. फळांचं प्रकरण इथे संपलं.

## मासा अगदी ताजा आहे, मग भीती कसली?

मासा घेताना आपण काय करतो? कल्ला उचलून लाल आहे का बघतो. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. पाठीवर बोट दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे. वास समुद्राचा यावा, उग्र नको. पिढ्यान्‌पिढ्यांची ही परीक्षा आहे आणि ती उत्तम आहे. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: मासा सडायला लागलाय का? कच्च्या माशात ज्यांची भीती असते त्यांतलं जवळजवळ काहीच या परीक्षेत सापडत नाही.

पहिली भीती परजीवींची, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून जगणाऱ्या कृमींची. ॲनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या समुद्री माशांच्या पोटात आणि मांसात असतात. दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढरट, घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या. मासा जिवंत पकडून जागेवर कापला तरी त्या तिथेच असतात, किंबहुना तेव्हा त्याही ताज्यातवान्या असतात. माणसाच्या जठरात गेल्या की अस्तरात तोंड खुपसतात आणि काही तासांत पोटात असह्य कळा सुरू होतात. बऱ्याचदा दुर्बीण घालून अळी ओढून काढावी लागते.

दुसरी भीती जीवाणूंची. १९५० साली जपानमध्ये ओसाकाला अर्धवट सुकवलेल्या लहान माशांतून २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. त्या तपासात व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जीवाणू पहिल्यांदा सापडला. तो कॉलराच्या जंतूचा भाऊबंद आणि कोमट, खाऱ्या पाण्याचा रहिवासी. आपला किनारा वर्षभर कोमटच असतो.

तिसरी गोष्ट हिस्टामिन. बांगडा, तारली, कुपा हे मासे पकडल्यावर पुरेसे थंड ठेवले नाहीत तर त्यांच्या मांसात जीवाणू हिस्टामिन नावाचं रसायन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडतं. लोक म्हणतात मासा 'बाधला' किंवा ॲलर्जी झाली. हे रसायन शिजवूनही जात नाही आणि गोठवूनही जात नाही. इलाज एकच, मासा पाण्याबाहेर आल्यापासून बर्फात असला पाहिजे.

आता मुंबईतला ससून डॉक किंवा भाऊचा धक्का डोळ्यांपुढे आणा. मोठ्या ट्रॉलरवरचा मासा कित्येकदा अनेक दिवस बर्फात राहून बंदराला लागतो. तिथून टेम्पो, मग बाजार, मग पाटी. पाटीतला बर्फ दुपारपर्यंत निम्मा वितळतो. एकाच ठोकळ्यावर, एकाच कोयत्याने कोळंबी, मोरी, बांगडा सगळं कापलं जातं आणि मधूनमधून बादलीतलं पाणी मारलं जातं. मासे विकणाऱ्या मावशींची यात चूक नाही. तुम्ही घरी जाऊन तो मासा रटरटत्या कालवणात टाकणार हे त्या गृहीत धरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. आगीने पुढचं सगळं निस्तरायचं, अशी ही अख्खी साखळी आहे. तुम्ही आग काढून घेतलीत की साखळीतला शेवटचा पहारेकरी गेला.

तिसऱ्या आणि कालवं यांचा तर विचारही नको. ही शिंपल्यातली मंडळी दिवसभर समुद्राचं पाणी गाळून जगतात. पाण्यात सांडपाणी आलं की त्यातले विषाणू त्यांच्या पोटात साठतात. १९८८ साली शांघायमध्ये अर्धेकच्चे शिंपले खाऊन सुमारे ३ लाख लोकांना हेपॅटायटिस ए, म्हणजे एका प्रकारची कावीळ झाली. मुंबईच्या खाड्यांत काय सोडलं जातं हे वेगळं सांगायला नको.

## जपानी लोक तर रोज खातात!

खातात, पण कसं ते बघा. जपानच्या टूना (आपला कुपा) पकडणाऱ्या बोटींवर मासा उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात. सुशीच्या, म्हणजे भातावर कच्च्या माशाची चकती ठेवून देणाऱ्या दुकानात समोर आलेली लालभडक चकती बहुधा त्या थंडीतून आलेली असते. जिला आपण निसर्गाच्या जवळचं खाणं म्हणतो, तिच्यामागे आपल्या तळलेल्या तुकडीपेक्षा कितीतरी जास्त यंत्रं राबलेली असतात.

सामनची गोष्ट तर आणखी मजेशीर. जपानी लोक त्यांच्याकडच्या प्रशांत महासागरातला सामन मासा पूर्वी कच्चा खात नसत, कारण त्यात कृमी असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो भाजून किंवा खारवून खायचा. कच्च्या सामनची सुशी रुळली ती १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला सामन तिकडे विकायला सुरुवात केल्यानंतर. पिंजऱ्यात, तयार खाद्यावर वाढलेल्या त्या माशाला कृमी असलेलं भक्ष्य मिळत नाही, म्हणून तो कच्चा चालतो.

एवढी काळजी घेऊनही अलीकडे जपानमध्ये अन्नविषबाधेच्या नोंदलेल्या घटनांत ॲनिसाकिसचा क्रमांक सर्वांत वर असतो. हे ज्या देशातले सुशीवाले वर्षानुवर्षं हाताखाली राबून शिकतात त्या देशात.

## लिंबू पिळून ठेवलं तर?

लिंबाच्या रसात माशाचा तुकडा पांढरा पडतो आणि शिजल्यासारखा दिसतो. पेरूमध्ये याच पद्धतीने सेविचे करतात. आम्लाने प्रथिनं गोठतात, म्हणून रंग बदलतो. कृमी मात्र त्यात आरामात जगतात आणि जीवाणूही सगळे मरत नाहीत. व्हिनेगरचं, कोकमाच्या आगळाचं आणि चिमूटभर मिठाचं तेच.

याचं सर्वांत वाईट उदाहरण ईशान्य थायलंडमधलं आहे. तिथे नदी-तळ्यातल्या कच्च्या माशाच्या खिम्यात लिंबू आणि मिरची घालून 'कोई प्ला' नावाचा पदार्थ खातात. त्या माशांतला यकृतकृमी वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहतो आणि पुढे तिथे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय, ज्या गटात तंबाखू आहे. सरकारने कितीही मोहिमा काढल्या तरी आजीच्या हातची चव सुटत नाही, ही तिथली अडचण.

म्हणून गोड्या पाण्याचा मासा, रोहू असो, कटला असो की ओढ्यातला लहान मासा, कच्चा कधीच नाही. खेकड्यांचंही तसंच. मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत कच्चे किंवा अर्धवट शिजलेले ओढ्यातले खेकडे खाल्ल्याने फुप्फुसात कृमी होतात. खोकल्यातून रक्त पडतं आणि कित्येकांवर आधी क्षयरोगाचे उपचार होतात.

## घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून मग खाल्ला तर?

गोठवल्याने कृमी मरतात हे खरं आहे, पण त्याला नियम आहेत. युरोपात मासा गाभ्यापर्यंत उणे २० अंशांवर किमान २४ तास ठेवावा लागतो. अमेरिकेत उणे २० अंशांवर ७ दिवस, नाहीतर उणे ३५ अंशांवर कडक गोठवून १५ तास. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ ला पोचतो, तोही दार बंद असताना. तुमच्या फ्रीझरमधलं आईस्क्रीम चमच्याने सहज निघत असेल तर तिथे कृमी मारण्याइतकी थंडी नाही, एवढं समजून घ्या. त्यातून वीज गेली की तेवढीही थंडी टिकेल याचा भरवसा नाही.

शिवाय गोठवणं हा उपाय कृमींपुरता आहे. जीवाणूंना थंडी मारत नाही, नुसती सुस्त करते. फ्रीजमध्ये ठेवलेलं इडलीचं पीठ फुगायचं थांबतं आणि ओट्यावर काढून ठेवलं की पुन्हा वर यायला लागतं, तसंच हे. मासा बाहेर काढून निवांत चकत्या करत, फोटो काढत बसलात की ते कामाला लागतात.

पाकिटावर 'सुशी ग्रेड' लिहिलंय असं कोणी म्हणेल. या शब्दाची अमेरिकेतल्या कायद्यातही व्याख्या नाही. विकणाऱ्याला विचारायचं ते हे: कुठल्या जातीचा मासा, पाळलेला की समुद्रातला, किती अंशांवर किती वेळ गोठवला? उत्तर लेखी देता येत नसेल तर तो मासा घरी नेऊन शिजवावा.

## पण शिजवलं की सत्त्व जातं ना?

काही अंशी जातं. सी जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्याने कमी होतं. पण १०० ग्रॅम पेरूमध्ये ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला १०० मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. जेवणानंतर एक पेरू खाल्ला की सी जीवनसत्त्वासाठी भात-आमटीवर राग धरायचं कारण उरत नाही.

'एन्झाइम्स मरतात' हा दुसरा मुद्दा. एन्झाइम म्हणजे शरीरातली किंवा अन्नातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. फळातली एन्झाइम्स त्या फळाच्या कामाची असतात आणि आपल्या जठरातल्या आम्लात गेली की बहुतेक मोडतात. आपल्याला पचवायला लागणारी एन्झाइम्स आपलं शरीर स्वतः करतं. अपवाद आहेत. मुळा, मोहरी, कोबी यांच्यातलं एक एन्झाइम चावताना कामाला येतं आणि त्यांचा तो झणका त्यातूनच येतो. म्हणून मुळ्याची कोशिंबीर कच्चीच करावी, हे मला पूर्ण मान्य आहे.

उलट बाजूही आहे. टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य तेलात शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं, गाजरातलं बीटा कॅरोटिन, ज्यापासून ए जीवनसत्त्व होतं, तेही. अळू कच्चं खाल्लं तर घसा खाजून जीव नकोसा होतो. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या होतात.

आणि माशाबद्दल एक गोष्ट या रील्समध्ये कधी ऐकू येत नाही. काही माशांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व तोडून टाकतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटामधल्या एका पाळीव कोल्ह्यांच्या फार्मवर कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे घालत होते. कोल्हे लुळे पडून मरायला लागले, तेव्हा हा शोध लागला. आपला रोहू आणि कटला कार्पच्याच कुळातले. हे एन्झाइम गोठवून जात नाही, शिजवल्यावर जातं. आता फळं आणि कच्चा मासा असा आहार बघा: बी-१ देणारी धान्यं आणि डाळी ताटातून गेल्या, आणि असलेलं बी-१ तोडणारं ताटात येऊन बसण्याची शक्यता वाढली.

## तरीही सुरुवात करायची असेल तर

माझा सल्ला असा की फळं आणि भाज्या कच्च्या ठेवा आणि मासा वाफवा. हळदीच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळलेली रावसाची पातळ तुकडी वाफेवर काही मिनिटांत होते. मांस पारदर्शक न राहता पांढरं पडलं आणि काट्यापासून सहज सुटलं की झालं. त्यातलं ओमेगा-३ हे चांगलं स्निग्ध वाफेने फारसं कमी होत नाही. बी-१२ बऱ्यापैकी टिकतं. कृमी आणि जीवाणू मरतात. तळण सोडायचं होतं, तेही सुटलं.

मासा रोज खाणार असाल तर लहान मासे निवडा: तारली, मांदेली, बोंबील, बांगडा. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, तो शिजवूनही निघत नाही. आणि भात-भाकरी, डाळ पूर्ण सोडू नका. दोन वेळांपैकी एक वेळ फळं, कोशिंबीर, मोड, भिजवलेले शेंगदाणे असं करून बघा. पोटाला चोथ्याची सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्या आठवड्यात वात धरेल. मोड आलेली मटकी स्वच्छ पाण्यात धुऊन, आणि पावसाळ्यात एक वाफ देऊनच खावी. ओलसर, उबदार फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात.

कधीतरी कच्चा मासा चाखायचाच असेल तर ज्यांच्याकडे गोठवलेल्या मालाची कागदपत्रं असतात अशा चांगल्या जपानी उपाहारगृहात खावा. बाजारातून आणलेल्या सुरमईच्या घरी चकत्या करू नयेत. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं, यकृताचे रुग्ण, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधं चालू असलेले यांनी तिथेही खाऊ नये. यकृत दुबळं असलेल्या माणसाला व्हिब्रिओच्या कुळातला एक जीवाणू एक-दोन दिवसांत मारू शकतो.

आणि कच्चा मासा, खेकडा किंवा शिंपले खाल्ल्यानंतर पोटात जबर कळा, ताप, उलट्या, किंवा नंतर आठवडेच्या आठवडे न जाणारा खोकला असं काही झालं, तर डॉक्टरला 'बाहेरचं खाल्लं होतं' एवढंच सांगू नका. काय खाल्लं, कच्चं होतं का आणि कधी, हे आपणहून सांगा. आपल्याकडे हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.